५ दिवसांत डिप्रेशन गायब? तो मेसेज पुढे पाठवू नका

गेले पंधरा दिवस आमच्या वेंगुर्ल्यातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, "मेंदूला मॅग्नेट लावा, ५ दिवसांत डिप्रेशन आणि भीती कायमची गायब, ९० टक्के गॅरंटी, गोळ्या बंद, साईड इफेक्ट शून्य." माझ्या धाकट्या भावाने तो वाचून गोळ्या खरंच बंद केल्या म्हणून लिहितोय.

ट्रीटमेंट खोटी नाहीये, हे आधी सांगतो. तिला टीएमएस म्हणतात, डोक्याच्या बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूचा ठराविक भाग चाळवतात. १९८५ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डला सुरुवात झाली, २००८ ला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि मशीन तपासून परवानगी देणारं सरकारी खातं) डिप्रेशनसाठी मशीनला परवानगी दिली. नेहमीच्या पद्धतीत आठवड्याला ५ सिटिंग, असं चार ते सहा आठवडे चालतं. ५ दिवसांची पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची, दिवसाला १० सिटिंग, मध्ये जवळजवळ तासाचा गॅप, आणि आधी एमआरआय काढून त्या माणसाच्या मेंदूतली नेमकी जागा शोधतात. नुसतं मॅग्नेट लावलं असं नसतं ते.

आता ते ९० टक्के. स्टॅनफर्डच्या २०२० च्या अभ्यासात २१ पेशंट होते, त्यातले १९ बरे झाले, पण खरी ट्रीटमेंट मिळतेय हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग त्याच लोकांनी काही जणांना नकली ट्रीटमेंट देऊन तुलना केली, खरी मिळालेल्या १४ पैकी ११ जण चार आठवड्यांत कधी ना कधी डिप्रेशनमधून बाहेर आले, नकलीवाल्या १५ पैकी २. मोठीच गोष्ट आहे ही, मी नाकारत नाही, पण माणसं एकूण २९, आमच्या घरच्या गणपतीच्या आरतीला याच्यापेक्षा जास्त असतात, त्यावर गॅरंटी कसली देता? आणि "कायमची" तर कुठेच नाही, काहींना पुढे त्रास परत होतो आणि सिटिंग परत घ्यावी लागतात.

"गोळ्या बंद" हे सगळ्यात वाईट. त्या दुसऱ्या अभ्यासात पेशंटना चालू गोळ्या होत्या तशाच ठेवायला सांगितलं होतं! भावाने मात्र अख्खी स्ट्रिप जाळ्याच्या सुया ठेवतो त्या डब्यात लपवली, त्याच्या बायकोला पत्ताच नाही. चार दिवसांत चक्कर, झोप नाही, मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं. मला म्हणाला, "दादा, माका काय होता ता कळणा नाय." डॉक्टरांनी परत चालू केल्या, कमी करायच्या असतील तर हळूहळू, त्यांना विचारूनच.

भीतीचं म्हणाल तर २०२१ ला एका मशीनला परवानगी मिळाली ती डिप्रेशनसोबत येणाऱ्या भीतीसाठी. नुसत्या पॅनिकसाठी असा पुरावा नाही.

साईड इफेक्ट कमी आहेत, शून्य नाहीत. डोकं दुखतं, टाळूवर टोचतं, आवाज मोठा म्हणून कानात बोळे घालतात, क्वचित फिट येऊ शकते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र) असेल तर नकोच.

आणि कोणीतरी खाली लिहिलंय, "हा शॉकच, रत्नागिरीला नेतात तसला". म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. नाही हो. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, तीही काहींना जीव वाचवणारी ट्रीटमेंट आहे. टीएमएसमध्ये माणूस जागा असतो, खुर्चीत बसून, झालं की उठून घरी जातो. रत्नागिरीचं नाव शिवीसारखं वापरायचं आता तरी बंद करा, त्यानेच माणसं डॉक्टरकडे जायला लाजतात.

ॲडमिन, तो मेसेज काढा. आणि ज्याला रात्र जड जातेय त्याने १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीतून बोलतात.