चालकविरहित ट्रक आणि ट्रकचालकांच्या नोकऱ्या : खुलासा

‘अमेरिकेत ट्रक चालकाविना धावू लागले असून दोन वर्षांत सगळे ट्रकचालक बेकार होतील’, असा संदेश सध्या फिरत आहे. त्याचा पूर्वार्ध मर्यादित अर्थाने खरा आहे. उत्तरार्धाला आधार नाही.

ऑरोरा या कंपनीने 2025 च्या मे महिन्याच्या सुरुवातीस टेक्सासमधील डॅलस ते ह्यूस्टन या मार्गावर चालकाविना व्यावसायिक मालवाहतूक सुरू केल्याचे जाहीर केले, हे खरे. परंतु त्याच महिन्यात ट्रकच्या उत्पादकाच्या विनंतीवरून पुढच्या आसनावर पुन्हा निरीक्षक बसवण्यात आला, ही बाब संदेशात सोयीस्करपणे गाळलेली दिसते. त्याआधी वेमो या चालकविरहित वाहनांच्या दुसऱ्या कंपनीने 2023 मध्ये आपला ट्रक प्रकल्प बाजूला ठेवला होता.

धोका नाहीच, असेही नाही. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी 2018 च्या अहवालात अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांच्या सुमारे 2,94,000 नोकऱ्यांना सर्वाधिक धोका असल्याचे नोंदवले होते, कारण महामार्गावरील सरळ प्रवास यंत्राला तुलनेने सोपा जातो. शहरातील अरुंद रस्ते, माल चढवणे-उतरवणे आणि कागदपत्रे सांभाळणे ही कामे तितकी सोपी नाहीत. शिवाय अमेरिकेत जड ट्रकचालकांची एकूण संख्या 20 लाखांच्या घरात आहे, हे विसरता कामा नये.

भारतात तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात, चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकविरहित मोटारी येऊ देणार नसल्याचे सांगितले होते. त्यामुळे हा संदेश वाचून कोणी जड वाहनाचा परवाना काढण्याचा बेत सोडू नये.