स्पिटफायरची मागची सीट

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानात, पैसे भरून, वैमानिकाच्या मागे बसून अर्धा तास उडता येतं. त्यावरच्या एका लेखात या सफरीला ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हटलंय. हजारो पौंड मोजायचे म्हटल्यावर तसं वाटणारच. पण २७ लिटरचं, १२ सिलिंडरचं त्याचं मर्लिन इंजिन आजही उडतं ठेवायचं तर पैसा कुठून तरी यायलाच हवा ना! नुसतं संग्रहालयात पुसून ठेवलं की त्याचा आवाज गेलाच.

एक दुरुस्ती मात्र हवी. लेखातलं ‘युद्धात होतं तस्संच विमान’ हे खरं नाही. स्पिटफायर मुळात एकट्या वैमानिकाचं. मागची सीट युद्धानंतर प्रशिक्षणासाठी बसवली. आयर्लंडच्या हवाई दलाने १९५१मध्ये अशी विमानं घेतली होती.

यांच्या पन्नाशीला आम्ही लंडनच्या बिगिन हिल विमानतळावर गेलो होतो. उडण्याआधी एका कागदावर सही: हे विमान प्रवासी विमानांच्या सुरक्षा निकषांत बसत नाही, याची मला कल्पना आहे. सही करताना हे हसत होते, मी नाही. नाक इतकं वर की वैमानिकाला पुढचं दिसत नाही, म्हणून धावपट्टीपर्यंत विमान नागमोडी चालत गेलं. मी कुंपणापाशी पर्स घट्ट धरून उभी. उतरल्यावर स्वारी काही बोलेचना. चहाचा कप तेवढा दोन्ही हातांनी धरला होता.