दहा वायरी, बारा लीड

छातीवर गार जेल फासलेलं असताना माणसाने शब्दार्थाच्या वादात पडू नये, हे मला परवा कळलं. तसा वाद मी घातलाच नव्हता म्हणा. 'हलू नका, बोलू नका' ही ताकीद मला होती. पडद्यापलीकडच्या काकांना नव्हती.

ऑफिसची वार्षिक तपासणी. उपाशीपोटी रक्त देऊन झालं होतं, ईसीजी राहिला होता. समोरच्या एक्स-रेच्या दारावर एप्रन घातल्याशिवाय आत येऊ नये अशा अर्थाची इंग्रजी पाटी होती आणि एप्रनच्या आधी एल-ई-ए-डी अशी चार अक्षरं होती. तीन आठवड्यांपूर्वी मला टीम लीड केलंय. तेव्हापासून ही अक्षरं कुठेही दिसली की ती आपल्यालाच उद्देशून आहेत असं वाटतं. मी ती मोठ्याने वाचली आणि ईसीजीवाल्या मुलाला विचारलं, "दादा, हे लीड एप्रन वायरी लावल्यावर वरून घालायचं का?"

दादाने उत्तर दिलं नाही. पडद्याने दिलं.

"लेड," पडदा म्हणाला. "लीड नव्हे. लेड. शिसं. एक्स-रेचे किरण अडवायला."

मी "अच्छा" म्हणालो. बहुतेक विषय 'अच्छा'पाशी संपतात. हा सुरू झाला.

"स्पेलिंग एकच, तिथेच फसता तुम्ही लोक. मी छत्तीस वर्षं प्रुफं तपासली. सुरुवातीला छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचे दिवस होते. दोन ओळी फार चिकटल्या की मधे शिशाची पट्टी सरकवायची. म्हणून ते लेडिंग. आताची पोरं कॉम्प्युटरवर आकडा वाढवतात आणि म्हणतात, लीडिंग वाढवलं. मला सांगा, ओळी काय एकमेकींचं नेतृत्व करतात?"

प्रश्न मला होता. पण दादा माझ्या घोट्याला चिमटा लावत होता आणि माझं सगळं लक्ष मोजणीत होतं. हातापायांना चार, छातीवर सहा. मशीनवर मात्र 'बारा लीड' असं लिहिलेलं. सकाळपासून चहा पोटात नसला की माणूस हिशेबाला पक्का होतो.

"दादा, दोन कमी आहेत."

"कमी नाहीत सर. लीड म्हणजे वायर नाही. लीड म्हणजे हृदयाकडे बघायची बाजू. दहा वायरींवरून मशीन बारा बाजूंनी बघतं."

या एका वाक्याने माझ्या तीन आठवड्यांचा उलगडा झाला. आमच्या टीममध्ये माणसं पाच आहेत. त्यात एक टेक्निकल लीड, एक डिलिव्हरी लीड आणि एक मी, नुसता लीड. उरलेले दोघे काम करतात आणि आम्ही तिघे तीन बाजूंनी त्यांच्याकडे बघतो. वैद्यकशास्त्राची याला मान्यता आहे हे मला माहीत नव्हतं.

दादा बोलका निघाला. उजव्या पायाची वायर म्हणे नुसती आधाराला असते. बारांपैकी एकाही लीडमध्ये तिचं नाव येत नाही, पण ती निघाली की आलेख थरथरायला लागतो. असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. चौदा वर्षं तो मी होतो. मग कोणीतरी मला तिथून उचलून छातीवर चिकटवलं.

"पद, टीम लीड," पडदा म्हणाला.

दादाने आमच्या दोघांच्या फाइली एकाच स्टुलावर ठेवल्या होत्या आणि स्टूल नेमकं पडद्याच्या फटीत होतं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर वाचलेल्या माणसासमोर उघडी फाइल ठेवू नये.

"म्हणजे हे टीम लेडसुद्धा वाचता येईल," काका म्हणाले. "टीमचं शिसं. वाईट नाही. शिसं जड असतं. मऊही असतं, नख मारलं तरी ओरखडा उठतो. आणि ३२७ अंशांना वितळतं. तुम्ही साधारण किती अंशांना वितळता?"

"सर, हलू नका. बोलू नका."

मी बोललोच नव्हतो. मी फक्त श्वास आत घेतला होता, उत्तर द्यायला घेतात तसा.

"आता शिसपेन्सिल बघा," काका पुढे निघाले. माझ्यासारखा श्रोता त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला असणार. आडवा, बांधलेला आणि तोंड बंद. "तिच्यात शिसं कुठंय? ते ग्रॅफाइट. सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेलच्या डोंगरात ते सापडलं, लोकांना वाटलं हा शिशाचाच प्रकार. साहेब चुकला, लेड म्हणून बसला. आपण त्याची चूक नीट भाषांतर करून घेतली आणि शिसपेन्सिल म्हणून बसलो. आत कोळशाचा भाऊ, नाव शिशाचं. तुमच्या पदासारखंच की हे!"

हे लागलं. कारण खरं होतं.

पत्र मिळालं तेव्हा साहेबांनी हात मिळवला, जबाबदारी वाढली म्हणाले आणि पगाराचा विषय पुढच्या आढाव्याला घेऊ म्हणाले. पूर्वी ज्या कामाला 'हे जरा करून टाका' म्हणायचे, त्याला आता 'यात तुम्ही लीड घ्या' म्हणतात. काम तेच, रात्रीचे साडेनऊही तेच. मराठीत 'पुढाकार घ्या' म्हटलं की निदान हार-तुऱ्याचा वास तरी येतो. 'लीड घ्या'चा अर्थ इतकाच, की बाकीच्यांनी मान खाली घातली आहे आणि तुमची वर राहिली. शिवाय घ्यायचं ते नेमकं काय, हेही कुणाला सांगता येत नाही. या शब्दाचं लिंगच ठरलेलं नाही. ऑफिसातला तो लीड, ईसीजीची ती लीड आणि मतमोजणीत तुटतं ते लीड. तिन्ही लिंगांत चालणारा, घरात घेतला आणि कुणीच नीट ओळख करून न दिलेला असा हा पाहुणा.

आणि फोनवरचं लीड वेगळंच. या तपासणीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिला होता. त्याच दुपारी एका गोड आवाजाने माझ्या हृदयाची चौकशी करून विमा घेणार का विचारलं. विक्रीवाल्यांच्या भाषेत मी आता लीड झालो होतो, तेही हॉट लीड. सकाळच्या त्या गार जेलनंतर कुणीतरी मला गरम म्हणतंय याचं क्षणभर बरं वाटलं. नंतर दिवसभरात आणखी चार फोन आले. तेव्हा वाटलं नाही.

पण पडद्याकडे परत येतो. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला. दादाने तो पाहिला, मला पाहिलं, परत कागद पाहिला.

"सर, लीड वन उलटी आलीय."

'बोलू नका' अजून लागू होतं. मी भुवया वर केल्या.

"सर, तुमचं हृदय डावीकडेच आहे ना?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. शाळेत नाही, लग्न ठरताना नाही, नोकरीच्या मुलाखतीत नाही. आपण एखादी गोष्ट किती गृहीत धरून चालतो पाहा! शपथेला, प्रेमाला, राष्ट्रगीताआधीच्या धडधडीला मी कायम डावीकडेच हात नेत आलोय. पुरावा म्हणाल तर काही नाही.

"नीट तपासून घे रे बाळा," काका म्हणाले. "लीड लोकांचं काही सांगता येत नाही. वरून एक बाजू, आतून एक."

"काही काहींचं उजवीकडे असतं," दादा मला धीर देत म्हणाला. "काही होत नाही त्यांना. आधी कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"मी सांगतो," काका म्हणाले. "हातांच्या वायरी बघ. आमच्याकडे दोन ओळी उलट लागल्या की आम्ही लेखकाला बोलवून, तुमचं डोकं उजवीकडे आहे का असं नव्हतो विचारत. आधी जुळणी बघायचो."

दादाने बघितलं. उजव्या हाताची लाल डाव्याला लागली होती, डाव्याची पिवळी उजव्याला. बदलली. हृदय गुपचूप डावीकडे आलं. माझी कुणीही माफी मागितली नाही. काकांना मात्र दादा "भारी हां आजोबा" म्हणाला. हृदय माझं, आणि शाबासकी पडद्याला!

सगळ्यात जास्त राग याचा आला, की माणूस बरोबर होता. रात्री चिडून शब्दकोश काढले, काकांना कुठेतरी चुकलेलं पकडायचं म्हणून. नाही सापडले. लेड हा धातू आणि लीड हे क्रियापद इंग्रजीत मुळातूनच वेगवेगळ्या घराण्यांतले. स्पेलिंग तेवढं योगायोगाने सारखं झालं. लीडचं सख्खं नातं आहे ते लोडशी. वाट, वाटचाल, वाहून नेणं, मग ओझं. म्हणजे नेता आणि हमाल चुलतभाऊ. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? धुरा म्हणजे जू, आणि धुरीण किंवा धुरंधर म्हणजे मुळात ते जू मानेवर घेणारा बैल. हे शब्द आपण सत्कारात वापरतो आणि सत्कारमूर्ती मान पुढे करून हारही घालून घेते.

तसाच तो संस्कृतातला 'नी' धातू. नेता, नायक, नीती, विनय, अभिनय, प्रणय, निर्णय, सगळे त्याच्याच पोटचे. एवढ्या भावंडांतून आमच्या साहेबांनी नेमका अभिनय उचलला. आणि संतांच्या मराठीत 'मी नेणें' म्हणजे मला ठाऊक नाही. तिथला नेणता आणि इथला नेता यांच्यात एका 'ण'चं अंतर आहे. गेले तीन आठवडे मी त्या 'ण'वर बसलोय.

ईसीजीचा आद्य पुरुष आइन्थोवेन, ज्याला १९२४चं नोबेल मिळालं, तो माणसांचे दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवायचा. त्याच्या लीड तीनच. आणि हा गृहस्थ होता कुठे, तर लायडनला. डच भाषेत या शहराचं नाव आणि 'नेतृत्व करणं' हे क्रियापद अक्षरशः एकसारखं लिहितात. शहराचं राहू द्या, तो योगायोग. पण 'सोसणं' या अर्थाचं डच क्रियापद स्पेलिंगला वेगळं आणि उच्चाराला हुबेहूब तेच. कानाने ऐकणाऱ्या डच माणसाला साहेब 'तू लीड कर' म्हणतोय की 'तू सोस', ते नुसत्या शब्दावरून कळायचं नाही. त्याला निदान स्पेलिंग बघून कळतं, पण तोवर सही करून झालेली असते.

असो. माझा ईसीजी संपला. दादाने छातीवरची बुचं ओढली. जेल पुसायला जो कागद दिला तो बसच्या तिकिटाएवढा होता. मी शर्टाची बटणं लावत होतो तोवर काकांचा नंबर लागला. पडद्यापलीकडे चिमटे लागले, बुचं बसली आणि ते सोन्याचे शब्द ऐकू आले.

"आजोबा, हलू नका. बोलू नका. फक्त दहा सेकंद."

शांतता. मला निघता आलं असतं. फाइल हातात होती, चहा खुणावत होता. पण तेवढ्यात आठवलं, लीड या क्रियापदाच्या भूतकाळाचं, म्हणजे लेडचं, स्पेलिंग सगळे का चुकतात ते. एल-ई-डी लिहायच्या जागी लोक मधे 'ए' घालतात, आणि त्याचा दोष दुसऱ्याच एका क्रियापदाकडे जातो. मी फटीजवळ गेलो आणि अगदी हळू विचारलं,

"काका, वाचणं या अर्थाच्या रीडचा भूतकाळ काय हो?"

एक सेकंद गेला. दोन गेले. पडद्याआडून भात उतू जायच्या आधी झाकण थडथडतं तसा आवाज आला.

"रेड!" काका ओरडले. "उच्चार रेड, स्पेलिंग तेच! म्हणून तर ही गाढवं लेडलाही तेच..."

मशीनची सुई वेडीवाकडी धावली. दादाने कागद टर्रकन फाडला, पडदा बाजूला केला आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही आधी बाहेर व्हा."