तुमच्या कुत्रीच्या, कोकोच्या मूतखड्यांबद्दल, तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. चौदा महिन्यांत कोकोचं दुसरं ऑपरेशन झालं, म्हणजे पहिल्या वेळी आम्ही खडे आतच ठेवले आणि पुन्हा बिल लावलं, असं तुमचं म्हणणं आहे. आज सकाळी दवाखान्यात आल्यावर आधी तिची जुनी फाइल काढली.

पहिल्या ऑपरेशननंतर तिची भूल उतरायच्या आत काढलेला एक्सरे त्यात आहे. मूत्राशय आणि पुढची नळी, दोन्ही मोकळी. तिला झालेल्या प्रकारचे खडे एक्सरेत पांढरेशुभ्र दिसतात, त्यामुळे आत काही राहिलं नव्हतं हे खात्रीने सांगते. फाइल घेऊन जा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

कोकोचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे आहेत. शिह त्झू, ल्हासा अशा छोट्या कुत्र्यांत ते बरेच दिसतात. स्ट्रुव्हाइट हा दुसऱ्या प्रकारचा खडा बहुतेक वेळा इन्फेक्शनमुळे होतो आणि औषध व ठरावीक खाण्याने विरघळतो. ऑक्झलेट विरघळत नाही, काढावाच लागतो. आणि काढला तरी तो पुन्हा धरतो. दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्या कुत्र्यांना परत होतो.

हे तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. आम्ही ते केलं नाही. खड्याचा लॅब रिपोर्ट आला तेव्हा तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती पीडीएफ गेली. ‘तीन महिन्यांनी एक्सरे’ हे डिस्चार्जच्या कागदावर अगदी तळाशी होतं. मी स्वतः फोन करायला हवा होता. मादीमध्ये खडे बारीक असतानाच कळले, तर भूल देऊन, मूत्राशयात सलाइन भरून ते दाबून बाहेर काढता येतात, पोट उघडावं लागत नाही. कोकोला ती संधी कदाचित मिळाली असती. ती रात्रभर बाल्कनीत सारखी लघवीला बसत होती आणि थेंबभर लघवीत रक्त होतं, हे तुम्ही लिहिलंय. ते वाचून फार वाईट वाटलं. मनापासून माफी मागते.

आता सगळा भर पाण्यावर. कोरडं खाणं तसंच देऊ नका, त्यात कोमट पाणी ओतून अगदी पातळ करून द्या. लघवीची घनता १.०२०च्या खाली राहिली पाहिजे. भातात पालक घालता ना, तो बंद. कॅल्शियमचं सिरपही बंद. आणि लघवी अजिबात होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, रात्री कितीही वाजता फोन करा.

दुसऱ्या ऑपरेशनचं बिल खर्चाप्रमाणेच होतं. पण पुढच्या वर्षभरातले दर तीन महिन्यांचे एक्सरे आणि लघवीच्या तपासण्या आम्ही पैसे न घेता करू. येत्या सोमवारी तिची सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या. ती बसली की मागून लांब दांड्याची पळी सरकवा, सहज मिळते. तासाभरात पोचवा, फार वेळ ठेवलेल्या लघवीत नुसतेच स्फटिक तयार होतात आणि रिपोर्ट चुकतो.