दांडीच्या मिठाचा हिशेब मिठागरातून

१९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटाविषयी एक मजकूर सध्या वेंगुर्ल्यापासून उरणपर्यंत मोबाइलवर फिरतो आहे. त्यातले आरोप थोडक्यात असे: समुद्रकाठी वाकून मूठभर मीठ उचलल्याचा प्रसंग खोटा, तिथे हाताला चिखलच लागणार. खारं पाणी चुलीवर ठेवलं की मीठ होतं, त्यात मोठं काय? मिठावरचा कर नगण्य होता. कोकणात काहीच घडलं नाही. गुजरातेतल्या धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींना झालेली मारहाण दिग्दर्शकाच्या डोक्यातली. आणि एवढं करून पदरात काही पडलं नाही.

यातले पहिले दोन आरोप मीठ कसं धरतं हे माहीत नसल्यामुळे आले आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

“किनाऱ्यावर मीठ सापडत नाही, चिखल सापडतो.”

पुळणीवर, म्हणजे लाटा फुटतात त्या वाळूत, मीठ सापडत नाही हे खरं. वाळूतून पाणी झिरपून जातं. मीठ धरतं ते चिकण मातीच्या सपाट खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या किनाऱ्यालगतच्या जमिनीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी खाजणाच्या वरच्या भागापर्यंत चढतं आणि खळग्यांत साचून राहतं. पुढच्या सात-आठ दिवसांत भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, लागते, भरती तेवढ्या उंचीवर पोहोचत नाही, आणि ऊन-वारा मिळाला की ते पाणी आटून मातीवर पांढरी खपली धरते. उचलताना तिच्याबरोबर मातीही येते. त्यामुळे “मीठ होतं की चिखल” हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण खाजणातल्या मिठात दोन्ही असतात.

आता तारखा पाहा. १९३० साली अमावास्या ३० मार्चला होती. गांधी ५ एप्रिलला दांडीला पोहोचले आणि ६ एप्रिलच्या सकाळी त्यांनी मीठ उचललं. म्हणजे उधाण ओसरून जवळजवळ आठवडा झालेला, भांगेचे दिवस, एप्रिलचं ऊन. गुजरातच्या त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतलं अंतर आपल्या दक्षिण कोकणापेक्षा बरंच जास्त, त्यामुळे उधाणाखाली येणारी सपाट जमीनही ऐसपैस. नैसर्गिक मीठ धरायला याहून चांगली वेळ आणि जागा शोधून सापडणार नाही. उलट तिथलं मीठ कमी दिसण्याचं कारण वेगळं होतं: सरकारी माणसांनी आधीच ते तुडवून चिखलात मिसळून टाकलं होतं. मीठ खात्याची ही जुनीच रीत होती आणि गांधींची तक्रार नेमकी तिच्याविरुद्ध होती. निसर्गानं फुकट दिलेलं मीठ, लोकांनी उचलू नये म्हणून, सरकार नासवत असे.

आणि कायदा मोडायला शुद्ध मीठ लागत नव्हतं. मुंबई इलाख्याचा १८९० चा मीठ कायदा परवान्याशिवाय मीठ पिकवण्याइतकाच, आपोआप धरलेलं मीठ गोळा करण्यालाही गुन्हा मानत होता. मूठ मातकट होती म्हणून गुन्हा कमी होत नव्हता.

“पाणी उकळलं की झालं मीठ.”

होतं, पण किती आणि कशाच्या मोलानं ते पाहा. १०० लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन किलो क्षार असतात आणि त्यातलं खाण्याचं मीठ पावणेतीन किलोच्या आसपास. हाती येतं दोन-सव्वादोन किलो. उघड्या चुलीवर लाकडाची जेमतेम पंधरा-वीस टक्के उष्णता भांड्याला लागते. त्या हिशेबानं १०० लिटर आटवायला ९० ते ११५ किलो सुकं लाकूड जळतं. एका किलो मिठामागे पन्नास किलो लाकूड कुठल्या घराला परवडेल?

म्हणून जाणकार माणूस समुद्राचं पाणी थेट चुलीवर ठेवत नाही. आधी खाजणातली खपली मातीसकट खरवडायची. ती मडक्यात किंवा खळग्यात भरून तिच्यावर थोडं थोडं खारं पाणी सोडायचं, खालून निथळलेलं पाणी पुन्हा नव्या मातीवर घालायचं. ताजं अंडं त्यात तरंगू लागलं की पाणी समुद्राच्या साधारण तिप्पट खारट झालं असं समजायचं. मग कापडातून दोनदा गाळून चुलीवर. लाकूड तिथल्या तिथे तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

पुढे दोन ठिकाणी चुका होतात. पाणी आटू लागलं की भांड्याच्या बुडाला पांढरट, करकरीत थर बसतो. तो चुना आणि जिप्सम. ते मीठ नव्हे. पाणी वरून ओतून घेऊन तो थर टाकायचा, नाहीतर मीठ कचकच लागतं. १०० लिटर साध्या समुद्राच्या पाण्याचे १० लिटर उरले की खरं मीठ पडू लागतं. आणि अडीच लिटरच्या आसपास थांबावंच लागतं. उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. लोभानं तेही आटवलं तर मीठ कडू होतं, हवेतला ओलावा ओढून पाझरत राहतं आणि पोटाला बाधतं. १९३० साली घराघरांतून काढलेलं मीठ पुष्कळदा काळपट आणि कडसर निघालं त्याचं कारण हेच. लोक ते तरीही विकत घेत होते, कारण ते कायदा मोडून काढलेलं होतं.

मिठागरात हेच काम सूर्य करतो, पण त्यामागे माणसांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते. पावसाळा सरला की बांध आणि उघाड्या, म्हणजे पाणी आत घ्यायची दारं, दुरुस्त करायच्या. वाफ्यांचा तळ पायांनी मळून, चोपून असा घट्ट करायचा की पाणी झिरपू नये. तळ कच्चा राहिला तर पाणीही जातं आणि मिठात मातीही येते. उधाणाचं पाणी उघाडीतून साठवणीच्या तळ्यात घ्यायचं, तिथून एकापाठोपाठ एक उथळ वाफ्यांत फिरवत दाट करायचं, आणि जिप्सम आधीच्या वाफ्यांत बसल्यावरच शेवटच्या वाफ्यात सोडायचं. तिथे पाणी काही बोटंच खोल ठेवतात. दाणा धरला की लाकडी फळीनं हलक्या हातानं ओढून बांधावर रास करायची आणि निथळू द्यायची. फळी जोरात टेकली तर तळ उकरतो. एवढं सगळं झाल्यावर मे महिन्यात वळवाची एकच मोठी सर आली तर वाफ्यातला थर विरघळतो.

ज्या कामात इतके हात लागतात त्याच्या मालकीचा प्रश्न लोकांना लगेच कळला, यात नवल नाही.

“कर नगण्य होता.”

१९३० साली कर होता मणाला सव्वा रुपया, म्हणजे सुमारे ३७ किलोला २० आणे. १९२३ साली व्हाइसरॉयनं विशेषाधिकार वापरून तो दुप्पट, अडीच रुपये केला होता आणि वर्षभरात मागे घ्यावा लागला होता. पाच माणसांच्या घराला वर्षाला ३० किलोच्या आसपास मीठ लागतं. त्यावरचा कर सोळा आणे, एक रुपया. गांधींनी २ मार्च १९३० च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनला सांगितलं होतं की हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी आहे. म्हणजे एका कमावत्या माणसाची आठ दिवसांची कमाई निव्वळ मिठाच्या करात. मिठाची किंमत वेगळी, गुराढोरांचं मीठ वेगळं. राबणाऱ्या माणसाला घामामुळे मीठ जास्त लागतं, त्यामुळे ज्याची मिळकत कमी त्याच्यावरच बोजा अधिक. बांगडे खारवताना तीन-चार भाग माशाला एक भाग मीठ जातं. किनाऱ्यावरच्या कुणालाही हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

“कोकणात काही घडलं नाही.”

हा आरोप सर्वांत लागतो, कारण तो आपल्याच गावांबद्दल आहे. १२ मे १९३० रोजी शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. शिरोडा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, आज सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यात. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांतून स्वयंसेवक आले होते. दांडीसारखं खाजणातलं मीठ न उचलता इथे मिठागरंच का निवडली, हेही समजून घेण्यासारखं आहे. दक्षिण कोकणात भरती-ओहोटीचं अंतर कमी, सपाट खाजणं अरुंद, त्यामुळे आपोआप धरलेलं मीठ थोडं. मीठ होतं ते बांधलेल्या वाफ्यांत, परवान्याखाली, पहाऱ्यात. आणि मेचा मध्य म्हणजे हंगामाचा कळस: पाऊस तोंडावर आणि बांधांवर राशी उभ्या.

उत्तरेला विलेपार्ल्यात सत्याग्रहींची छावणी होती, वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो माणसं चालून गेली. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं मेली. ते मिठाचं नव्हे, जंगलाचं आंदोलन होतं, पण कायदेभंगाची लाट तीच. चित्रपटात शिरोडा आणि चिरनेर नाहीत. तीन तास अकरा मिनिटांत सगळं मावत नाही. त्यावरून ते घडलंच नाही असं ठरवणं, हा शिरोड्याला गेलेल्या आणि चिरनेरला मेलेल्या माणसांवर अन्याय आहे.

“धारासणा ही दिग्दर्शकाची कल्पना.”

२१ मे १९३० रोजी धारासण्याला अमेरिकन पत्रकार वेब मिलर हजर होता. रांगेनं पुढे येणारे, हात न उचलणारे सत्याग्रही आणि त्यांच्या डोक्यांवर पडणाऱ्या लाठ्या, हे त्यानं लिहून पाठवलं. त्यानं स्वतः ३२० जखमी मोजले, दोघे मेले. त्याची बातमी अमेरिकेच्या सिनेटमध्ये वाचून दाखवली गेली. चित्रपट त्यानंतर बावन्न वर्षांनी आला.

चित्रपटात फेरफार आहेत, ते स्पष्ट सांगायला हवेत. पडद्यावर धारासण्याला मौलाना आझाद पुढे दिसतात. प्रत्यक्षात नेतृत्व सरोजिनी नायडूंचं होतं, सोबत इमामसाहेब बावझीर आणि मणिलाल गांधी. गांधी ५ मेलाच पकडले गेले होते आणि त्यांच्यामागून आलेले अब्बास तय्यबजीही. मार्टिन शीननं उभा केलेला पत्रकार वॉकर हे मिलरवर बेतलेलं काल्पनिक पात्र. याहून मोठा दोष म्हणजे या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नाहीत. ज्या कोकणात मंडणगडजवळ त्यांचं मूळ गाव आंबडवे आहे आणि जिथे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तिथल्या प्रेक्षकाला ही उणीव बोचणारच. कोतळूकला जन्मलेले गोखले मात्र आहेत, आणि डॉ. श्रीराम लागूंनी ते फार चांगले उभे केले आहेत. टीका करायची तर आंबेडकरांना वगळल्याची करावी, तिला पुरावा आहे.

“पदरात काही पडलं नाही.”

कर रद्द झाला नाही, तो १९४७ साली गेला. पण ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक कलम आलं: जिथे मीठ धरतं किंवा पिकवता येतं, त्या भागातल्या गावकऱ्यांनी ते घरच्या वापरासाठी गोळा करावं, काढावं आणि गावातल्या गावात विकावं. गावाबाहेर व्यापार करता येणार नाही. म्हणजे वर्षभरापूर्वी ज्यासाठी तुरुंग होता, ते खाजणातली खपली खरवडून घरी आणण्याचं काम किनाऱ्यावरच्या बाईला उघडपणे करता येऊ लागलं, आणि जास्त झालेलं शेजारणीला विकताही येऊ लागलं.