उकळून नायट्रेट जात नाही, मावशी

काल रात्री मावशीनं एक मेसेज पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: 'बघ, तू उगाच घाबरवतोस.' मेसेजचं म्हणणं असं की अन्नप्रक्रिया कारखान्याचं सांडपाणी शेतात सोडलं तर ते फुकटचं सेंद्रिय खतच आहे, माती ते गाळून घेते, आसपासच्या विहिरी तपासत बसणं हा पैसे काढायचा धंदा आहे, आणि एवढीच शंका असेल तर पाणी उकळून प्या. पुरावा म्हणून कुठल्याशा विहिरीच्या तपासणी अहवालाचा फोटो.

हा मेसेज याआधी तीनदा माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. पण मावशीकडे आता दोन महिन्यांचा नातू आहे, त्याला वरचं दूध चालू आहे, आणि दुधाची पावडर विहिरीच्याच पाण्यात कालवतात.

अशा सांडपाण्यामुळे विहिरीत उतरण्याची भीती असते ती नायट्रेटची. म्हणून उकळण्यापासून सुरुवात करतो. उकळल्यानं जंतू मरतात, मान्य. नायट्रेट हा जंतू नाही, तो पाण्यात विरघळलेला क्षार आहे. खारट पाणी उकळून कधी गोडं झालंय का? उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाच लिटर पाणी आटून चार लिटर झालं, की प्रमाण 50 वर जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा नेमकी 50 आहे. म्हणजे जे पाणी मर्यादेत होतं, ते आपण काळजीपोटी चुलीवर ठेवून काठावर आणलं!

तान्ह्या बाळाच्या पोटात या नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तातलं हिमोग्लोबिन असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहता येत नाही, आणि बाळ निळसर पडू लागतं. हे काल-परवाचं खूळ नाही. अमेरिकेतल्या आयोवामध्ये हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी 1945 सालीच विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट आणि बाळांचं निळं पडणं यांचा संबंध मांडला होता. मोठ्या माणसांना तेच पाणी पिऊन असं काही होताना दिसत नाही, त्यामुळे 'आम्ही जन्मभर हेच पाणी प्यायलो' हे उत्तर बाळाच्या बाबतीत चालत नाही. आणि हो, साध्या कोळशाच्या फिल्टरनंही नायट्रेट जात नाही.

'माती गाळून घेते.' हे अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. बटाटा, फळं, दूध यांच्या प्रक्रियेतून येणारा सेंद्रिय मळ मातीतले जीवाणू खाऊन टाकतात. फॉस्फरस बराचसा मातीला धरून राहतो. पीक उभं असताना, मोजून दिलेलं असं पाणी पिकाच्या कामी येतंच. पण त्यातल्या नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, जीवाणू नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, चिकणमातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरत नाही. मुळांनी उचललं तर ठीक, नाहीतर पुढच्या पाण्याबरोबर ते सरळ खाली. शेत रिकामं असताना सोडलेल्या पाण्यातलं नत्र कोण उचलणार, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

आणि पाणी फार झालं तर याहून विचित्र प्रकार होतो. मळ खाता खाता जीवाणू मातीतला प्राणवायू संपवतात. मग मातीत मुळातच असलेलं लोह आणि मँगेनीज, काही ठिकाणी आर्सेनिकसुद्धा, सुटून भूजलात उतरतं. कारखान्याच्या पाण्यात आर्सेनिकचा कणही नसला तरी. म्हणजे गाळणीच विरघळायला लागते.

'अन्नाचंच पाणी, त्यात रसायन कुठलं?' टाक्या धुवायला कॉस्टिक सोडा लागतो आणि खारवण्याचं मीठ नाल्यातच जातं. पुढे चला.

आता 'तपासणी हा धंदा'. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मॉरो नावाच्या बंदराचं प्राधिकरण अन्नप्रक्रिया कारखान्यांचं नत्रयुक्त सांडपाणी शेतांना पुरवतं. तिथल्या भूजलातल्या नायट्रेटमुळे तो भाग 1990 सालीच विशेष व्यवस्थापन क्षेत्र म्हणून जाहीर झाला होता. तरीही 2018 ते 2021 या काळात परवान्यापेक्षा जास्त नत्र हजाराहून अधिक वेळा जमिनीवर सोडलं गेलं. 2022 च्या जानेवारीत राज्यानं जवळपास 13 लाख डॉलर दंड लावला, पुढे तो 21 लाखांवर नेला. त्याच वर्षी जूनमध्ये मॉरो काउंटीनं पाण्यासाठी आणीबाणी जाहीर केली, कारण लोकांच्या खासगी विहिरी तपासल्यावर मर्यादेच्या वर निघत होत्या. तिथल्या नायट्रेटमध्ये शेतीच्या खतांचा आणि पशुपालनाचा वाटा मोठा आहे, सगळं पाप कारखान्यांचं नाही, हेही खरं. पण ते पाणी दिसायला स्वच्छच होतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. तपासल्याशिवाय ते कळणार कसं?

तपासणी म्हणजे एका विहिरीतून एकदा बाटली भरून आणणंही नव्हे. भूजल कुठून कुठे वाहतं हे कळायलाच किमान तीन विहिरींतली पातळी लागते, आणि त्या एका रेषेत असून चालत नाही. मग एक विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला, शेताचं पाणी न लागलेली, आणि बाकीच्या खालच्या अंगाला. नमुन्याआधी साचलेलं पाणी उपसून टाकायचं. दर काही महिन्यांनी नायट्रेट, क्लोराइड, एकूण क्षार, लोह, मँगेनीज बघायचं. क्लोराइडला माती अडवत नाही, वनस्पतीही फारसं घेत नाहीत, म्हणून ते पाझराची आधी खबर देतं. आणि पाणीपातळी खोल असेल तर आज सोडलेलं नत्र विहिरीत दिसायला कित्येक वर्षं लागतात. 'दोन वर्षं सोडतोय, काही झालं नाही' याला तेवढीच किंमत.

राहिला अहवालाचा फोटो. 'नायट्रेट 12, मर्यादा 50, बघा किती सुरक्षित!' मी फोटो मोठा करून पाहिला. आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: 'नायट्रोजन म्हणून'. प्रयोगशाळा नायट्रेट दोन प्रकारे लिहितात. नायट्रोजन म्हणून लिहिलेल्या आकड्याला 4.43 नं गुणलं की नायट्रेटचा आकडा मिळतो. त्या मोजमापात अमेरिकेची मर्यादा 10 आहे. 12 गुणिले 4.43 म्हणजे 53.

मेसेजनं जोडलेली 'सुरक्षित' विहीर मर्यादेच्या बाहेर आहे. मावशीला फोन करून एवढंच सांगितलं की आपल्या विहिरीचा अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला दुसरीकडचं तपासलेलं पाणी घ्या. 'आणि उकळू नको का?' तिनं विचारलं. ते पाणी उकळ, जंतूंसाठी. विहिरीचं नको.