किल्ला न बघता परत आलेली मंदा

मंदाने ऑरलँडोहून ग्रुपवर टाकलेल्या फोटोंत जिराफ होता, तळं होतं, केबल कारच्या काचेला नाक लावून बसलेला नातू होता. डिस्ने वर्ल्डमधला तो प्रसिद्ध किल्ला नव्हता. शरदला एवढं पुरलं. ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर ती येऊन टेकते न टेकते तोच त्याने सुरुवात केली.

"डिस्ने वर्ल्डला गेलीस आणि एकाही पार्कात पाय ठेवला नाहीस? मंदे, पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन न घेता आलीस की गं तू!"

"मग? पायी गेलेले कितीतरी वारकरी कळसाला हात जोडून माघारी फिरतात," मंदा म्हणाली. "त्यांची वारी फुकट गेली असं जाऊन सांग त्यांना. मी तुझ्यामागे उभी राहते, पण जरा लांब."

बाळ्याच्या हातातली शेंगदाण्याची पुडी हसण्याने सांडली. शरद हसला नाही. गेल्या वर्षी मुलाकडे गेला असताना त्याने तिथले चारही पार्क संपवले होते आणि त्याचा तक्ता अजून त्याच्या मोबाइलमध्ये आहे. कोणत्या दारावर किती वाजता पोचायचं, कोणती राइड आधी, खाणं रांगेत उभ्या उभ्या कधी उरकायचं, सगळं त्यात लिहिलेलं. चाललेल्या पावलांचा आकडाही त्याने ठेवलाय आणि तो मागितल्याशिवाय दाखवतो.

"विमानाचं तिकीट लाखाच्या वर," शरद म्हणाला. "तिथवर गेल्यावर वसूल नको करायला?"

"विमानाचं तिकीट मी लेकीला भेटायला काढलं होतं. उंदराला नाही."

यावर अविनाशने टाळी मागितली आणि मंदाने दिली.

खरं तर अविनाशला दोघांच्याही भांडणात रस नव्हता. त्याला बांधकामात रस. आयुष्यभर साइटवर उन्हात उभा राहिलेला सिव्हिल इंजिनीयर तो. "मोनोरेल खरंच हॉटेलच्या आतून जाते का गं?" एवढंच त्याने आल्यापासून दोनदा विचारलं होतं.

"आतून म्हणजे अगदी पोटातून. कंटेम्पररी हॉटेल. वर माणसं जेवतायत आणि बाजूने गाडी सरकत जाते. आम्ही त्या गाडीत बसून तळ्याला नुसत्या फेऱ्या मारल्या. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उतरा म्हटलं नाही."

"त्या हॉटेलच्या खोल्या लांब दुसऱ्या जागी तयार केल्या होत्या," अविनाश शरदकडे वळून म्हणाला, जसं काही हे त्याच्याच विरोधात होतं. "आतल्या सामानासकट. मग क्रेनने उचलून पोलादी सांगाड्यात सरकवल्या. यू. एस. स्टील या कंपनीचं काम. १९७१ साली! आणि ते समोरचं तळं खोदलेलं आहे. त्यातली माती टाकून पार्काची जमीन उंच केली. पार्काखालून कामगार ये-जा करतात, लोक ज्याला तळघरातले बोगदे म्हणतात ना, तो खरा तळमजला आहे. पार्क वरच्या मजल्यावर आहे."

"मग मंदाने वरचा मजला पाहिलाच नाही," शरदने संधी साधली.

"आणि तू खालचं तळं पाहिलं नाहीस," मंदा म्हणाली. "त्याच्या काठाला बसलास का कधी? पॉलिनेशियन हॉटेलची वाळू आहे. रात्री तिथून दिव्यांची मिरवणूक पाण्यावरून जाते. तराफ्यांवर दिव्यांचे देवमासे, कासवं, काय काय. १९७१ पासूनची आहे ती. त्याच काठावरून किल्ल्यावरची आतषबाजीही दिसते, वर गाणीही स्पीकरवर ऐकू येतात. नातू माझ्या मांडीवर होता. तुझ्या नातवाने आतषबाजी कुठून पाहिली रे?"

शरद गप्प बसला. त्याच्या नातवाने आतषबाजी पाहिली नाही, हे आम्हाला सगळ्यांना त्याच्याच बायकोकडून कळलेलं आहे. दिवसभर उन्हात फिरून ते पोर बाबागाडीत झोपून गेलं होतं.

मला मंदाचं पटतं, आणि ती बालमैत्रीण आहे म्हणून नव्हे. आपल्या वयाचे कितीतरी जण आता मुलांकडे अमेरिकेला जातात. मुलांना वर्षाची रजा मोजकी. ती ते जपून ठेवतात, आई-बाबा येणार म्हणून. आणि ती जपलेली रजा आपण कशात घालवतो? ३३ डिग्रीच्या दमट उन्हात, प्रत्येकाची मान मोबाइलवर, कोणत्या रांगेत किती मिनिटं ते बघत. पार्कात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना तो हिशेब कोण विचारतं? घरी आल्यावर आई-बाप म्हणतात खूप मजा आली, लेक म्हणते आई दमली असेल, आणि दोघंही एकमेकांशी धड बोललेले नसतात. हे मी जवळून पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मंदाने तेच सांगितलं, तिच्या पद्धतीने. "दुसऱ्या दिवशी लेक दहा वाजेपर्यंत झोपली. जावई नातवाला पोहायला घेऊन गेला. मी तिच्याकडे बघत बसले. किती वर्षांत तिला झोपलेली पाहिली नव्हती मी. उठल्यावर आम्ही तळ्यावरच्या पुलावर जाऊन बोलत उभ्या राहिलो. पॉप सेंच्युरी म्हणून साधं हॉटेल आहे, त्याच्या नि शेजारच्या हॉटेलच्या मधला पूल. नाव काय माहितीये त्याचं? जनरेशन गॅप ब्रिज!"

"चल, थापा मारू नकोस."

"अरे खरंच. बघ तुझ्या मोबाइलमध्ये. तुझ्या तक्त्यात नसेल तो."

शरदने खरोखर मोबाइल काढून शोधलं. सापडलं, पण त्याने आम्हाला ते मोठ्याने वाचून दाखवलं नाही.

मग आकड्यांवर गाडी आली. शरद म्हणाला, पार्काचं तिकीट महाग आहे म्हणूनच सकाळी दार उघडण्याआधी जाऊन उभं राहायचं असतं. त्यावर अविनाशने एक गोष्ट सांगितली, जी मला या सगळ्या वादातली सर्वांत महत्त्वाची वाटते. १९७१ साली आत जायला साडेतीन डॉलर पडत आणि राइडची कुपनं वेगळी घ्यावी लागत, ए पासून ई पर्यंत. ज्याला बसायचं त्याने ते कुपन घ्यावं. ज्याला नुसतं बाकावर बसून बँड ऐकायचा त्याने तसं करावं. १९८२ साली कुपनं गेली आणि एकाच तिकिटात सगळं आलं.

"म्हणजे ज्या दिवशी सगळं आत घातलं, त्या दिवसापासून सगळं करायलाच हवं असं लोकांना वाटू लागलं," अविनाश म्हणाला. "आणि २०२३ मध्ये गर्दीच्या दिवसांत मॅजिक किंगडमचं, म्हणजे किल्ला असलेल्या पार्काचं, एका दिवसाचं तिकीट १८९ डॉलरवर गेलं होतं. किल्ल्याची उंची माहितीये? १८९ फूट."

"फुटाला डॉलर!" बाळ्या ओरडला. पलीकडच्या बाकावरच्या आजोबांनी वळून पाहिलं.

"वर रांग टाळायची तर त्याचे वेगळे," मंदा म्हणाली. "जावई सांगत होता, आधी तो पास फुकट असायचा, २०२१ पासून पैसे पडतात."

"हॉटेलला पैसे दिलेसच ना पण?" शरद सोडेना. "तेही त्याच कंपनीचं. म्हणजे तू फसलीसच."

"दिले. झोपायला दिले, झोपले. यात फसले कुठे?"

इथे अविनाशने शरदची बाजू घेतली म्हणायला हरकत नाही. हॉटेलं ही त्यांची मूळचीच योजना, तो म्हणाला. १९५५ साली कॅलिफोर्नियात पहिलं पार्क झालं तेव्हा आसपास दुसऱ्यांनीच मोटेलं बांधून पैसा केला. वॉल्ट डिस्नेला ते लागलं. म्हणून फ्लोरिडात गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. वॉल्ट १९६६ मध्ये गेला, भावाने काम पुरं केलं आणि पार्क उघडलं त्याच दिवशी दोन हॉटेलंही उघडली.

"बघ," मंदा म्हणाली. "हॉटेलं किल्ल्याच्याच वयाची आहेत. मी अर्धं डिस्ने वर्ल्ड सोडून आले नाही, अर्धं बघून आले. आणि तू अर्धं सोडून आलास."

आता जिराफाचं सांगायला हवं, कारण त्यावर बराच वेळ गेला. अ‍ॅनिमल किंगडम लॉज हे हॉटेल गवताळ माळाच्या कडेला आहे आणि माळावर जिराफ, झेब्रे, लांब शिंगांच्या अंकोले गाई मोकळ्या चरतात. तिथल्या खोल्या महाग, मंदाच्या लेकीने त्या घेतल्याच नव्हत्या. ती त्यांना जेवायला घेऊन गेली. तिथल्याच सना नावाच्या, आफ्रिकी-भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटमध्ये खिडकीशी टेबल मिळालं. बाहेर जिराफ आणि ताटात नान, पराठा, पापड, सोबत नऊ वाट्या. कोथिंबिरीची चटणी, आंब्याची, चिंचेची, रायतं, लोणचं.

"फ्लोरिडात जाऊन पापड खाल्लास?" शरदने कपाळावर हात मारला.

"आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपली माणसं शेकडो वर्षं जातायत. त्यांच्या ताटात आपली चटणी असणारच. तू काय खाल्लंस?"

"हॉट डॉग."

"उभ्याने?"

"...उभ्याने."

बाळ्या एवढा वेळ शेंगदाण्यांत होता. तो कधी मुद्द्याचं बोलत नाही असं आम्ही धरून चालतो, आणि दर वेळी चुकतो. "मी पोरांना एस्सेलवर्ल्डला नेलं होतं," तो म्हणाला. "मला तिथला एक पाळणा आठवत नाही. लाँच आठवते. गोराईच्या खाडीतून जाणारी. धाकटी लाँचमधून उतरायला तयार नव्हती."

"नातवाचंही तेच," मंदा म्हणाली. "स्कायलायनर म्हणून केबल कार आहे, २०१९ मध्ये झाली. एका हॉटेलवरून दुसऱ्या हॉटेलवर, पार्कांच्या दारापर्यंत. तिकीट नाही. एपकॉट नावाच्या पार्काच्या मागच्या दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही, बाहेरूनच बोर्डवॉक नावाच्या तळ्याकाठच्या वाटेवर चालत आलो, आइस्क्रीम खाल्लं आणि परत केबल कार. चार वर्षांचं पोर. त्याला त्याहून मोठा आनंद कोणता देणार तू? संध्याकाळी फोर्ट विल्डरनेस म्हणून तंबूंची जागा आहे, तिथे शेकोटी असते, गाणी असतात, दोन खारी येऊन नाचतात. तेही फुकट."

"खारी?"

"चिप आणि डेल रे, कार्टूनमधल्या. माणसं असतात आत."

ती शहाणी आहे, म्हणून हेही म्हणाली की नातू सहा-सात वर्षांचा होऊन किल्ल्यात जायचा हट्ट करील तेव्हा त्याला न्यायलाच हवं, आणि तिकिटाला ती हातभार लावेल. फक्त एका दिवसात एक पार्क, आणि दुपारी परत येऊन झोप.

"दुपारी झोप!" शरद कळवळला. "१८९ डॉलर देऊन झोप!"

"महाबळेश्वरला तू झोपू दिलं नव्हतंस, त्याची भरपाई समज."

झालं. महाबळेश्वर निघालं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षीची ती सहल आमच्यात अजून मिटलेली नाही. शरदने आम्हा सर्वांना पहाटे चारला उठवून विल्सन पॉइंटला नेलं. तिथे धुकं असं की सूर्य सोडा, शरद दिसत नव्हता. मग आर्थर सीट, मग केट्स पॉइंट, मग एलिफंट्स हेड. प्रत्येक ठिकाणी जीप थांबे, हा घड्याळ बघे आणि "चला" म्हणे. मंदाला वेण्णा लेकच्या काठावर नुसतं बसायचं होतं. तिला पाच मिनिटं मिळाली, त्यातली तीन शरदने सगळ्यांना मोजण्यात घालवली.

"एकवीस पॉइंट दाखवले मी तुम्हाला," शरद म्हणाला. खरोखर दुखावला होता.

"एक सांग आठवतोय तो," मंदा म्हणाली.

शरदने बराच विचार केला. "जीप," तो म्हणाला.

"तिचे पैसे अजून मी भरलेलेच आहेत," अविनाश म्हणाला. "तुझा वाटा बाकी आहे."

मग आम्ही ठरवलं की येत्या डिसेंबरात पुन्हा महाबळेश्वरला जायचं आणि एकही पॉइंट बघायचा नाही. तळ्याकाठी बसायचं, स्ट्रॉबेरी क्रीम खायचं, मुलांना फोन करायचे, दुपारी झोपायचं. मंदाने शरदकडून शब्द घेतला. शरदने दिला, आणि लगेच मोबाइल काढून काहीतरी टाइप करायला लागला.

"काय लिहितोयस?"

"तक्ता. सात ते साडेआठ, बसणे. साडेआठ ते नऊ, नाश्ता. नऊ ते बारा..." तो अडखळला. "नऊ ते बारा पण बसणेच लिहू का?"

बाळ्याला ठसका लागला. अविनाश त्याच्या पाठीवर थापट्या मारत होता, मंदा डोळे पुसत होती, आणि शरद आमच्याकडे एकेक करून बघत अगदी मनापासून विचारत होता, "नाही पण, मग बोटिंग कधी धरू?"